मनीच्या केसाला भिता, चाव्याला का नाही?

दम्याचा पेशंट तपासायला घेतला की सोबत आलेली आजी हमखास विचारते, "डॉक्टर, घरात मांजर आहे. केस तर पोटात गेला नसेल ना?" त्याच घरातला नातू मनगटावर मांजराच्या दातांचे दोन बारीक ठिपके घेऊन चार दिवस हिंडत असतो. त्यावर हळद दाबलेली असते आणि त्याविषयी घरात कोणी अवाक्षर काढत नाही. मांजराला आपण भितो पुष्कळ, पण भिण्याचा क्रम उलटा लावून ठेवला आहे. म्हणून आजचे सदर मनीमाऊवर.

आधी केसाचा निकाल लावू. गिळलेला केस जसाच्या तसा शौचावाटे बाहेर पडतो. त्याने दमा होत नाही, घटसर्पही होत नाही. काहींना मांजराची अ‍ॅलर्जी असते, हे मात्र खरे. तिचे कारण मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलग्रंथींत असलेले एक प्रथिन. मांजर दिवसभर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि तिचे अतिसूक्ष्म कण घरभर तरंगतात. तोकड्या केसांचे मांजर आणले म्हणून ही अ‍ॅलर्जी टळत नाही. मांजर घराबाहेर काढल्यावरही हे कण गाद्या-पडद्यांत काही महिने टिकतात, त्यामुळे "मांजर सोडून आठ दिवस झाले, तरी शिंका थांबेनात" ही तक्रार ऐकून मला नवल वाटत नाही. मनीला निजायच्या खोलीत येऊ देऊ नका, तिला खेळवल्यावर हात धुवा, गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवा, फरशी ओल्या फडक्याने पुसा. एवढ्याने पुष्कळांचे भागते. ज्याला खरोखर दमा आहे आणि मांजर जवळ आले की छाती वाजू लागते, त्याने मात्र अ‍ॅलर्जीची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टर म्हणतील ते ऐकावे.

पण आपल्या श्रीरामपूर भागात दमा उसळायला इतर कारणे थोडी आहेत का? गाळप हंगामात पेटवलेल्या पाचटाचा धूर, कारखान्याच्या धुराड्यातून उडणारी काजळी, मार्केट यार्डात सोयाबीन-हरभऱ्याच्या पोत्यांची धूळ, बांधावरचे गाजरगवत. हे सगळे सोडून बिचाऱ्या मनीलाच तेवढे पोत्यात घालून शेतात सोडून येणे मला पटत नाही.

घरात मांजर असल्याचे सुख तुम्हाला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. तरी वैद्यकशास्त्र काय म्हणते ते सांगतो. २०१९ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने २४९ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांतल्या ज्यांना दहा मिनिटे कुत्र्या-मांजरांना कुरवाळायला दिले, त्यांच्या लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक, इतरांपेक्षा कमी भरले. त्याआधी २००९ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी चार हजारांहून अधिक लोकांची जुनी नोंद तपासली, तेव्हा मांजर पाळलेल्यांत हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू कमी दिसले. आता हे वाचून कोणी बीपीची गोळी बंद करू नये. मांजरामुळे हृदय चांगले राहिले, की शांत स्वभावाची माणसेच मांजर पाळतात, हे अशा नोंदींवरून ठरत नाही. मांजराच्या गुरगुरण्याने मोडलेली हाडे जुळतात असाही एक निरोप मोबाइलवर फिरतो. त्याला माणसांत सिद्ध झालेला आधार नाही, आणि मांजर तर दुखत असतानाही गुरगुरते.

मला मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. श्रीरामपुरात आता कितीतरी घरांत दोनच माणसे उरली आहेत, काही घरांत एकच. मुले पुण्याला, संभाजीनगरला, बंगळुरूला. रात्री आठला फोन येतो, एरवी घर गप्प. अशा घरात मांजर आले की पहाटे पाचला पायाशी म्याँव सुरू होते. उठावेच लागते. वाटी विसळायची, अंडे उकडायचे, दार उघडायचे, "कुठं उलथली होतीस रात्रभर?" म्हणून रागवायचे. दिवसभरात मोठ्याने उच्चारलेले ते कदाचित पहिलेच वाक्य असते. उदासीनतेवर औषधांसोबत आम्ही जे सुचवतो, म्हणजे ठरल्या वेळी उठणे, छोटे का होईना रोजचे काम अंगावर घेणे, कोणाशी तरी बोलणे, ते मनी न सांगता करून घेते. जोडीदार गेल्यावर जेवण तुटलेल्या काही बायका केवळ मांजरासाठी चूल पेटवता पेटवता पुन्हा स्वतः दोन घास खाऊ लागलेल्या मी पाहिल्या आहेत. कुत्राही हे करतो, पण त्याला फिरवायला गुडघे लागतात.

गुडघ्यांवरून आठवले. मांजर पायात घोटाळते. अमेरिकेत २००१ ते २००६ या काळात कुत्र्या-मांजरांना अडखळून पडलेल्यांची मोजदाद झाली, ती वर्षाला सुमारे ८६ हजार निघाली. त्यांत कुत्र्यांचा वाटा कितीतरी जास्त, पण मांजरेही होती. साठीपुढच्या माणसाला खुब्याचे हाड मोडण्याएवढे महाग दुसरे पडणे नाही. रात्री संडासाच्या वाटेवर छोटा दिवा लावा, आणि मांजराच्या गळ्यात घुंगरू बांधा. ते कोणी बांधायचे यावर उंदरांची सभा अजून चालू असेल. तुमच्या घरी मात्र पाच मिनिटांचे काम आहे. पट्टा ओढ बसताच सुटणारा घ्या, नाहीतर झाडात अडकून फास बसतो.

आता भ्यायला हवे ते. चावा. मांजराचे दात सुईसारखे. कुत्र्याच्या चाव्याने मांस फाटते, म्हणून आपण घाबरून धावतो. मांजराचा चावा वरून दिसतच नाही, पण जंतू थेट सांध्याच्या आवरणापर्यंत पोचवतो. पाश्चुरेला नावाचा जंतू बहुतेक मांजरांच्या तोंडात असतो. सकाळी चावले आणि रात्रीपर्यंत हात सुजून लालभडक झाला, हे त्याचे लक्षण. मधुमेह असेल तर सूज यायचीही वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणि रेबीज. आपल्या देशात तो बहुतांशी कुत्र्यांमुळे होतो, हे बरोबर. पण तुमचा बोका रात्री भटकतो, कुत्र्यांशी भांडतो आणि सकाळी सोफ्यावर येऊन झोपतो. मांजर चावले किंवा नखाने रक्त काढले, तर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण आपल्या अंदाजाने पंधरा मिनिटे दोन मिनिटांतच संपतात. चुना, मिरचीपूड, तेल, तंबाखू काहीही भरू नका, पट्टी आवळू नका. मग सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. कातडीत द्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ या दिवशी. दात खोल गेला असेल, रक्त आले असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरावे लागते. ते मागून घ्या. पोटात चौदा इंजेक्शने टोचण्याची लस केव्हाच बंद झाली, आता दंडात देतात. पाळलेले मांजर आहे, १० दिवस नजरेसमोर ठेवू, हे ठीक. पण लस त्याच दिवशी सुरू करून मग लक्ष ठेवायचे. मांजर ठणठणीत राहिले तर पुढच्या डोसांचे डॉक्टर ठरवतील. रेबीज एकदा उठला की आमच्या हातात काही राहत नाही. मनीला तीन महिन्यांची झाली की पशुवैद्याकडे रेबीजची लस द्या आणि पुढे वेळच्या वेळी देत राहा.

सुनेला दिवस गेले की घरातल्या मांजराचा वनवास सुरू होतो. निमित्त टॉक्सोप्लाझ्मा. हा परजीवी १९०८ साली सापडला आणि गर्भाला त्यापासून धोका असतो, हे खरेच. पण मांजर त्याची अंडी बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे टाकते, आणि विष्ठेतली अंडी लागण करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणजे विष्ठा रोजच्या रोज उचलली, आणि ती गरोदर बाईने न उचलता नवऱ्याने उचलली, की बहुतेक काम झाले. (नवऱ्याने, हे मी मुद्दाम लिहिले आहे.) अर्धे शिजलेले मटण आणि न धुतलेली कोथिंबीर, मेथी, गाजरे यांतून लागण होण्याची शक्यता मांडीवरच्या मांजरापेक्षा जास्त. मटण पूर्ण शिजवा, भाजी दोनतीन पाण्यांतून काढा, कुंडीत हात घालताना मोजे घाला. मांजर राहू द्या. तपासणीच्या कागदावर एखादा आकडा लाल दिसला म्हणून मनाने गोळ्याही सुरू करू नका, आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

मुलांचे थोडक्यात. पिलाला कुशीत घेऊन झोपणाऱ्या पोराच्या अंगावर गोल, कडेने लाल चट्टा उठला तर तो गजकर्ण. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून चोपडू नका. आठ दिवस बरे वाटते आणि मग सगळीकडे पसरते. ओरखड्यानंतर दोनेक आठवड्यांनी काखेत गाठ आली तर ओरखड्याची गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा, नाहीतर उगाच भलत्याच तपासण्या होतात.

मनीच्या तब्येतीविषयी दोन शब्द मी माणसांचा डॉक्टर असूनही लिहितो, कारण औषध तुमच्याच डब्यातून जाते. मांजर मलूल दिसले, अंग गरम लागले, की अर्धी पॅरासिटामॉल दुधातून देणारे लोक आहेत. मांजराच्या यकृताला ती गोळी पचवता येत नाही. एका गोळीने जीव जाऊ शकतो. शेतातल्या खोलीत उंदराचे औषध ठेवता तेव्हा तो उंदीर मनी खाणार, हे धरून चाला. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना नीट पचत नाही, जुलाब होतात, पाणी ठेवा. माळकरी घरात तिला नुसत्या दहीभातावर ठेवतात. मांजराला टॉरिन लागते, ते मांसातूनच मिळते, आणि ते कमी पडले तर डोळे जातात, हृदय कमजोर होते. माळ आपल्या गळ्यात आहे, मनीच्या नाही. तिला मांजरांचे तयार खाद्य तरी आणा. आणि नसबंदी करा. मांजर सहा महिन्यांच्या आतच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. २०२५ साली पुण्यात हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरे निघाली आणि महापालिकेला नोटीस काढावी लागली. एवढी मांजरे झाल्यावर ना माणसाला सुख, ना मांजराला.

एक गोष्ट लिहिताना हात जड होतो, पण लिहिलीच पाहिजे. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. शेजारच्या नेवासा तालुक्यातले वाकडी. शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एकच वाचला. शेण कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात, खाली प्राणवायू उरत नाही. सल्फाइडचे प्रमाण फार वाढले की नाकाला वासच कळेनासा होतो, म्हणून उतरणाऱ्याला सगळे ठीक वाटते आणि एकदोन श्वासांत शुद्ध जाते. पोहता येणे तिथे कामाचे नाही. अशा खड्ड्यात, बंद पडलेल्या विहिरीत, गोबरगॅसच्या टाकीत कोणासाठीही उतरू नका. वाकून पाहू नका, काडी ओढू नका. दोराला टोपली किंवा गोणपाट बांधून खाली सोडा, मांजर नखांनी धरून चढते. माणूस पडला असेल तर ११२ ला फोन करा आणि दुसऱ्याला उतरू देऊ नका, तो सख्खा भाऊ असला तरी धरून ठेवा. शेतात अशी विहीर असेल तर याच आठवड्यात तिच्यावर जाळी टाका.

शेवटचे एकट्या राहणाऱ्यांसाठी. छातीत दुखत असताना "मनीला कोण बघेल?" म्हणून अ‍ॅडमिट व्हायला नकार देणारे पेशंट आम्हाला भेटतात. त्यांना हसू नका, त्यांची अडचण खरी असते. आत्ताच एखाद्या शेजाऱ्याला विचारून ठेवा, घराची एक किल्ली त्याच्याकडे द्या, खाद्याचा डबा कुठे आहे ते दाखवा आणि त्याचा फोन नंबर आपल्या दवाखान्याच्या फायलीच्या पहिल्या पानावर लिहा.