भूल उतरायच्या आधी पहिली गोळी

सोयाबीन सोंगताना विळा बोटावर बसतो. किंवा अंगठा वाकवला की खटकन अडकतो, सरळच होत नाही. वणीला नाहीतर यवतमाळला लहानसं ऑपरेशन होतं आणि संध्याकाळच्या आत माणूस झरीला परत. येताना पट्टीचा हात मांडीवर लोंबत असतो. विचारलं तर सांगतात, ‘डॉक्टर, काहीच दुखत नाही.’ दुखणार कसं? भूल अजून उतरलेली नाही!

जखमेच्या जागी दिलेली भूल काही तासांत उतरते. काखेतून दिली असेल तर अर्धा दिवस, कधी त्याहून जास्त टिकते. बोटांना मुंग्या यायला लागल्या म्हणजे ती उतरतेय. लिहून दिलेली पहिली गोळी तेव्हाच, दोन घास खाऊन घ्या. ठणका चढल्यावर घेतली तर तिचा गुण यायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तो वेळ फार लांब वाटतो. पुढचे दोन दिवस गोळी घड्याळाकडे बघून घ्यायची, दुखण्याकडे बघून नाही. आणि हात बधिर असेतो चुलीजवळ जाऊ नका. भाजलेलं कळतही नाही.

पॅरासिटामॉल बहुतेकांना पुरते. धडधाकट मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅम, म्हणजे 500च्या 8 गोळ्या, ही शेवटची हद्द. वजन 50 किलोच्या आत असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर हद्द आणखी खाली, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांतही हेच औषध असतं, म्हणून पाकीट वाचा. शेजाऱ्याची ‘पावरची’ गोळी नको, तिने अल्सरवाल्याचं पोट आणि किडनीवाल्याची किडनी बिघडते. गोळीवर मोहाची दारू तर मुळीच नको.

गोळीइतकंच काम उशी करते. हात छातीच्या वर हवा. झोपताना दोन उशा किंवा घडी केलेली गोधडी, चालताना पंजा दुसऱ्या खांद्याकडे. गळ्यातल्या झोळीत हात पोटाशी येतो आणि सुजतो. मनाई नसेल तर मोकळी बोटं तासातासाला हलवा.

बर्फ लावायचा तर पिशवीत बांधून, फडक्यावरून, 10-15 मिनिटं. पट्टी भिजू देऊ नका. आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. त्यांनी बर्फ टाळावा, पाणी भरपूर प्यावं, आणि ऑपरेशनआधीच आजार सांगावा. हळद, चुना पट्टीखाली घालू नका. नंतर जखम धुताना मलाच ते खरवडावं लागतं.

तिसऱ्या दिवसापासून दुखणं उतरणीला लागायला हवं. उलट वाढलं, ताप आला, पू दिसला तर दाखवायला या. पण गोळी घेऊनही ठणका आवरेना, पट्टी काचतेय, बोटं निळी-पांढरी पडली, किंवा भूल उतरून गेल्यावर पुन्हा बधिर झाली, तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका. रात्रीच 108ला फोन लावा.