आधी डेटाबेस परत आणायची स्क्रिप्ट

प्रिय भाचीस,


हिंजवडीतल्या नव्या नोकरीत डेटाबेसची देखभाल हातावरून काढून स्क्रिप्टवर न्यायचं काम तुझ्याकडे आलंय, हे ताईकडून कळलं. टेराफॉर्म आणि ॲन्सिबल तू शिकलेली आहेस, ते मामाने नव्याने सांगायला नको. पण कुठली स्क्रिप्ट आधी लिहायची, हे ट्यूटोरियलमध्ये सहसा येत नाही. तिथे सुरुवात सर्व्हर उभा करण्यापासून होते. तुझी सुरुवात बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करण्याच्या स्क्रिप्टने व्हावी, असा मामाचा आग्रह आहे, आणि त्यामागे कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेची एक रात्र आहे.

तारीख ३१ जानेवारी २०१७. गिटलॅब डॉट कॉमच्या पोस्टग्रेस डेटाबेसवर स्पॅममुळे भार वाढला होता. दुय्यम सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडत गेला आणि शेवटी रेप्लिकेशन तुटलं. एक इंजिनिअर रात्री उशिरा ते पुन्हा जोडायला बसला. पीजी-बेसबॅकअप सुरू व्हायचं आणि काहीही न सांगता अडकून राहायचं. दुय्यम सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर आड येत असेल, असं वाटून त्याने ते पुसायची कमांड दिली. दोन्ही सर्व्हरच्या नावांत फरक एका आकड्याचा, डीबी-१ आणि डीबी-२. कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती थांबवली, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते.

ही गोष्ट सांगताना लोक त्या एका कमांडपाशी थांबतात. तू पुढे वाच. रोजचा पीजी-डम्प ॲमेझॉनच्या एस-३ वर जायचा, असा सगळ्यांचा समज होता. उघडून पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डम्प घ्यायला चालत होता ९.२ चा प्रोग्राम, त्यामुळे डम्प एरर देऊन बंद पडायचा. एररची ईमेल निघायची, पण ती ईमेल खरी आहे का हे तपासणाऱ्या डीमार्कच्या नियमात बसत नसल्याने नाकारली जायची. अझ्यूरचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. त्याच इंजिनिअरने सहा तास आधी स्टेजिंगसाठी हाताने एक एलव्हीएम स्नॅपशॉट घेतला होता, तो कामी आला. स्टेजिंगच्या डिस्क मंद असल्याने तेवढा डेटा परत आणायलाही अठरा तासांच्या आसपास लागले. मधल्या सहा तासांतले सुमारे ५००० प्रोजेक्ट, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती यांना फटका बसला. गिटलॅबने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि सगळी कारणं जाहीर लिहिली. कुठल्या पायरीवर काय हुकलं हे आज तुला वाचता येतं, ते या मोकळेपणामुळे.

आता तुमच्याकडच्या जुन्या बॅश स्क्रिप्ट उघडून बघ. पीजी-डम्पचं आउटपुट पाइपने जीझिपकडे दिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. बॅश अशा ओळीत शेवटच्या कमांडचाच निकाल धरतं. डम्प पहिल्या पावलाला कोसळला तरी जीझिपचं काम बिनचूक होतं, स्क्रिप्ट शून्य परत करते, आणि डिस्कवर रोज नव्या तारखेची २० बाइटची फाइल येऊन पडते. फाइलींची यादी पाहून कोणाला संशय येत नाही. वर ‘सेट -ओ पाइपफेल’ एवढी ओळ घातली की अपयश अपयश म्हणून बाहेर येतं.

तेवढ्यावरही थांबू नकोस. तुझ्या स्क्रिप्टने रोज रात्री ताजा बॅकअप उचलावा, कोऱ्या सर्व्हरवर चढवावा, मोठ्या टेबलांमधल्या ओळी मोजाव्यात, शेवटची नोंद कधीची आहे ते बघावं, एकूण लागलेली मिनिटं लिहून ठेवावीत आणि तो सर्व्हर मोडून टाकावा. निरोपाची दिशाही उलटी ठेव. बिघडलं तर कळव, असं सांगितलं की गिटलॅबसारखी ईमेल वाटेतच हरवते. त्यापेक्षा ठरल्या वेळेत ‘झालं’ असा निरोप आला नाही की अलार्म वाजू दे.

स्वयंचलित यंत्रणा बिनचूक चालूनही घोळ होतो, तो गिटहबने पाहिला. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नेटवर्कचं एक उपकरण बदलताना जोडणी ४३ सेकंद तुटली. त्यांचे मायएसक्यूएल सर्व्हर सांभाळणाऱ्या ऑर्केस्ट्रेटरने, त्याला शिकवलं होतं तसंच, मुख्यपद पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्व्हरना दिलं. पूर्वेकडे आधीच लिहिलेल्या काही नोंदी पश्चिमेला पोचलेल्या नव्हत्या, आणि नव्या नोंदी आता पश्चिमेला पडू लागल्या. दोन्हींचा मेळ घालत सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. नंतर त्यांनी ऑर्केस्ट्रेटरला प्रदेशाची हद्द ओलांडून मुख्य सर्व्हर नेमायला मनाई केली. अशी हद्द आपल्या स्क्रिप्टमध्ये कुठे आखायची, हे टीममधल्या जुन्या माणसांबरोबर बसून आधी ठरव. रात्री दोनला ते ठरवता येत नाही.

राहिला टेराफॉर्म. प्लॅनमध्ये एखाद्या डेटाबेसपुढे -/+ ही खूण दिसली की हात थांबव. आहे तो डेटाबेस पाडून त्या जागी नवा, रिकामा उभा राहणार, असा तिचा अर्थ. ॲमेझॉनच्या आरडीएस सेवेवरच्या चालू डेटाबेसचं स्टोरेज एन्क्रिप्ट करायला कोडमध्ये एक शब्द बदललास तरी ही खूण येते. ट्यूटोरियलमधल्या नमुन्यांत डेटाबेस पाडताना घ्यायचा शेवटचा स्नॅपशॉट टाळायची सोय बऱ्याचदा चालू असते. ती तशीच उचलली असेल तर जाणारा डेटा मागे काही ठेवत नाही, कारण आरडीएसचे स्वयंचलित बॅकअपही एरवी डेटाबेसबरोबरच पुसले जातात. टेराफॉर्मचं ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ लावच, पण कोणी डेटाबेसचा पूर्ण ब्लॉकच कोडमधून काढला तर ते संरक्षणही त्याच्याबरोबर जातं. म्हणून ॲमेझॉनच्या बाजूचं डिलीशन प्रोटेक्शनही चालू हवं.

आणि टेराफॉर्मची स्टेट फाइल गिटमध्ये टाकू नकोस. डेटाबेसचा पासवर्ड तिच्यात सहसा उघड्या अक्षरांत असतो. ती एन्क्रिप्ट केलेल्या, कुलूप लावता येणाऱ्या सामायिक जागी ठेव, म्हणजे दोघांनी एकाच वेळी बदल चालवल्याचा गोंधळही टळेल. मामाने नजर टाकावी असं एखाद्या स्क्रिप्टबद्दल वाटलं, तर ऑफिसची परवानगी घेऊन आणि सर्व्हरची नावं, पासवर्ड काढून पाठव. रिस्टोअरची असेल तर पहिल्या रात्री किती मिनिटं लागली तेही लिही.

तुझा,
मामा