किनाबतांगनच्या काठी

भूगोलाच्या तासाला नदी शिकविताना उगम, उपनद्या आणि मुख एवढे सांगून आपण बहुधा थांबतो; काठावर कोण राहते, हे सांगावयाचे राहून जाते. त्यासाठी किनाबतांगनचे उदाहरण घ्यावे. बोर्निओ बेटाच्या ईशान्येस मलेशियाचे साबा राज्य आहे. तेथील ही सुमारे ५६० किलोमीटर लांबीची नदी सुलू समुद्रास मिळते.

खालच्या खोऱ्यात भूमी सपाट, म्हणून प्रवाह नागमोडी. तुटलेल्या वळणांची नालाकृती सरोवरे मागे राहतात. दलदलीतून पायी हिंडणे कठीण. प्राणी पाहावयाचे ते नावेतूनच, पहाटे किंवा दिवस मावळताना. काठ जवळ येताच नावाडी यंत्र बंद करतो.

सायंकाळी लांब नाकाचे वानर कळपाने काठच्या झाडांवर निजावयास येतात. बोर्निओखेरीज अन्य रानांत हा प्राणी नाही. नराचे नाक तोंडावर लोंबते. मुले हसतील, हसू द्यावीत. मग विचारावे, याचे पोट एवढे मोठे का? त्याचे मुख्य अन्न पाने व कच्ची फळे. पोटाच्या कप्प्यांत सूक्ष्मजंतू ती पाने आंबवितात. गोड, पिकलेले फळ मात्र त्यास सोसत नाही. बोटांमध्ये थोडा पडदा असल्याने तो उत्तम पोहतो.

बोर्निओतील धनेशाच्या आठही जाती येथे आहेत. कोकणातील मुलांना हा पक्षी परका नाही. मादी ढोलीचे तोंड लिंपून आत बसते व नर फटीतून चारा देतो. अशी ढोली जुन्या, थोर वृक्षातच सापडते.

येथे शिक्षकाने थोडे थांबावे. प्राणी काठावर इतके सहज दिसतात, याचे एक कारण सुखाचे नाही. झाडांच्या पट्ट्यापलीकडे अरण्य तोडून तेलताडाचे मळे लाविले आहेत. ओरांगउटान व ठेंगणे हत्ती यांस उरलेल्या चिंचोळ्या रानातूनच ये-जा करावी लागते. २००५ साली सुमारे २६,००० हेक्टर वन अभयारण्य झाले; तथापि ते तुकड्यातुकड्यांत आहे. ते तुकडे सांधण्यासाठी झाडे लावणे चालू आहे. ओरांगउटानास पोहता येत नाही, म्हणून ओढ्यांवर आग विझविण्याच्या जुन्या नळ्यांचे पूलही टांगले आहेत.

पामतेलाची सर्वाधिक आयात करणारा देश भारत होय. मुलांस बिस्किटांची व साबणाची रिकामी वेष्टने आणावयास सांगावे, आणि बारीक अक्षरांत ते नाव कोठे सापडते हे वर्गात शोधावे.