बारा टोपल्या आणि नाताळचे बदक

वाचने : योहान ६:१-१३, निर्गम १६:१३-२४, रूथ २:१४-१८



गेल्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चर्चच्या स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा सामूहिक भोजनातला भात आणि रस्सा टोपात तसाच राहिलेला होता. आंबट वास सुटला होता. सगळे खड्ड्यात पुरावे लागले. वेळेवर वाटून टाका, असे सांगणे आमचे काम होते. ते आम्ही विसरलो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर मुलांचे कुपोषण अजून संपलेले नाही, आणि त्याच जिल्ह्यात आपण अन्न पुरले. ही गोष्ट मनाला लागली. म्हणून आज अन्नाविषयी थोडा अभ्यास करू.

१. तुकड्यांचा मान
जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे यांतून प्रभूने सुमारे पाच हजार पुरुषांना जेवू घातले. नंतर त्याने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले. बारा टोपल्या भरल्या. जो इतके देऊ शकतो, त्याला तुकड्यांची काय गरज? गरज नव्हती, पण दान भरपूर मिळाले म्हणून ते स्वस्त होत नाही, हे शिष्यांनी शिकायचे होते. क्रमही ध्यानात घ्या : आधी सर्व तृप्त झाले, मग टोपल्या भरल्या. म्हणून शेजाऱ्याला द्यायचे ते ताजे, पहिल्या वाढीतले. शिळे गरिबाच्या दारी नेणे हे दान नव्हे.

२. साठवण आणि हाव
रानात इस्राएली लोकांनी आज्ञा मोडून मान्ना सकाळपर्यंत ठेवला, तर त्यात किडे पडले. शब्बाथासाठी ठेवलेला मात्र टिकला. वस्तू एकच, हेतू निराळा. उद्याच्या भीतीने दडवणे ही हाव. उद्याच्या जेवणासाठी नीट ठेवणे ही काटकसर.

३. रूथचा पदर
बवाजाच्या शेतात रूथ पोटभर जेवली आणि उरलेले तिने घरी सासूला नेऊन दिले. उरलेल्या अन्नातही प्रेम असते ते असे.

आता चुलीकडे
वसई-मुंबईकडील आपल्या ख्रिस्ती घरांत नाताळला बदकाची मोईली शिजते आणि सोबत फुगे असतात. आपल्याकडे बहुधा गावठी कोंबडी असते. पण कोणी बदक आणलेच, तर इतके लक्षात ठेवावे. बदकाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. कातडीला सुईने टोचे द्यावेत, मांसापर्यंत जाऊ नये. तुकडे मंद आचेवर कातडीच्या बाजूने परतावेत. सुटलेली चरबी वाटीत काढून ठेवावी. मग कांदा, आले-लसूण, मसाला आणि थोडे व्हिनेगर घालून मांस मऊ होईपर्यंत झाकून शिजवावे. शेवटी बटाटे घालावेत. घाई केली तर मांस चिवट राहते.

दुसऱ्या दिवशी :
• हाडांवरचे मांस सोडवून कांदा आणि आपल्या नंदुरबारच्या मिरचीबरोबर कोरडे परतावे. ज्वारीच्या भाकरीशी खावे.
• हाडे भरपूर पाण्यात तासभर उकळावीत. पाणी गाळून त्यात नवापूरची तूरडाळ शिजवावी. एका बदकाची हाडे सगळ्या घराची डाळ चवदार करतात.
• काढलेल्या चरबीत बटाटे परतावेत, किंवा भाजीला फोडणी द्यावी.

सावधगिरी हवीच. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक उघड्यावर राहू देऊ नये. फ्रिज नसेल तर बेताने शिजवावे आणि त्याच दिवशी वाटून संपवावे. सातपुड्याची थंडी म्हणजे फ्रिज नव्हे. फ्रिजमधले अन्न एकदाच, आतपर्यंत वाफ येईतो गरम करावे. भारतातील पाळीव पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच नवापुरात. २०२१ मध्ये तो तेथे पुन्हा आला. किती कुटुंबांचा धंदा बसला, हे आपण पाहिले आहे. आजारी किंवा मेलेला पक्षी कधीही कापू नये. कच्च्या मांसाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. पूर्ण शिजलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी सांगितले होते की फेकलेले अन्न हे जणू गरिबाच्या ताटातून चोरलेले असते. यंदा आपल्या भोजनाच्या दिवशी वाढपी मंडळींबरोबर दोन जण फक्त उरलेले अन्न सांभाळण्यासाठी असतील. नावे रविवारच्या मिस्सानंतर आमच्याकडे द्यावीत.

घरी बोलण्यासाठी प्रश्न
१. गेल्या आठवड्यात आपल्या घरातून कोणते अन्न टाकले गेले? का?
२. नाताळची पहिली वाढ आपण कोणाच्या घरी नेणार?

प्रार्थना : हे प्रभू, तू दिलेला एकही तुकडा आमच्या हातून वाया जाऊ देऊ नकोस, आणि आमच्या शेजारी कोणालाही उपाशी झोपू देऊ नकोस. आमेन.

आपला,
धर्मगुरू