पोर्शे : पत्र्याच्या दुकानातून निघालेली मोटार

या पानावर आम्ही सहसा सूत, रंग, उधारी आणि बाजारभाव यांविषयी लिहितो. या खेपेस मोटारीविषयी लिहीत आहोत, आणि तीही अशी की आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात उभी राहील. कारण असे की, दुकानावर बसणारी आपली तरुण मुले 'पोर्शे' हे नाव वारंवार घेतात. कोणी तिचे चित्र भिंतीवर लावतो, तर कोणी तिच्यासाठी बँकेचे हप्ते मनातल्या मनात मोजून ठेवतो. किंमत सर्वांना तोंडपाठ आहे, हकिकत मात्र कोणाला ठाऊक नाही. व्यापाऱ्याच्या कामाची गोष्ट किमतीत नसून हकिकतीत आहे, असे आमचे मत आहे. (नाव 'पोर्श' नव्हे, 'पोर्शे' आहे. ते एका घराण्याचे आडनाव होय.)

फर्डिनांड पोर्शे यांचा जन्म १८७५ साली बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी झाला. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील पत्र्याचे कारागीर. मुलगा दिवसा बापाच्या हाताखाली पत्रा कापी आणि संध्याकाळी जवळच्या शहरातील तांत्रिक शाळेच्या वर्गाला जाई. त्याला विजेचा नाद लागला. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याने बनविलेली विजेची मोटार ठेवली गेली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटरी बसविलेल्या होत्या. आज विजेच्या गाड्यांचा जो गाजावाजा चालला आहे, त्याच्या सव्वाशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. इंजिनिअरची पदवी त्यांनी कधीच घेतली नव्हती. पुढे विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली आणि कंपनीच्या पूर्ण नावात ती 'मानद' ही अक्षरे आजही लिहिली जातात. पदवी मानद असल्याचे लपविले नाही, हे आम्हाला आवडले.

मोठमोठ्या कारखान्यांत नोकऱ्या करून झाल्यावर १९३१ साली त्यांनी स्टुटगार्ट शहरात आपली कचेरी थाटली. गाड्या बनविण्याची नव्हे, तर गाड्यांचे आराखडे दुसऱ्यांना काढून देण्याची. या कचेरीत तिघांची शिर्कत होती. पोर्शे यांचे ८० टक्के, जावई अँटोन पीएख यांचे १० टक्के आणि अडोल्फ रोझेनबर्गर यांचे १० टक्के. रोझेनबर्गर हे शर्यतीत गाड्या चालविणारे आणि व्यापाराची जाण असलेले गृहस्थ होते. पोर्शे यांना खर्चाचा अंदाज कधीच नसे, म्हणून हिशेबाची बाजू आणि पैशाची सोय हे पाहत. ते यहुदी होते. १९३३ साली हिटलरची सत्ता आली आणि १९३५ साली त्यांचा हिस्सा दर्शनी किमतीला, म्हणजे त्यांनी घातला होता तेवढ्याच पैशाला, काढून घेण्यात आला. कचेरी तोवर चांगली चालू लागली होती, तरी त्या वाढीतला एक पैसाही त्यांना मिळाला नाही. त्याच वर्षी त्यांना पकडून छळछावणीत टाकले. सुटल्यावर ते देश सोडून गेले. युद्धानंतर त्यांनी पुन्हा भागीदारीत घ्या म्हणून विनंती केली, ती नाकारली गेली. शेवटी प्रकरण अदालतीत जाऊन १९५० साली पन्नास हजार मार्क आणि एक मोटार यांवर तडजोड झाली. कंपनीच्या इतिहासात त्यांचे नाव कित्येक दशके जवळजवळ नव्हतेच. अलीकडच्या वर्षांत कंपनी त्यांना संस्थापकांत मोजू लागली आहे.

हा प्रसंग आम्ही विस्ताराने सांगितला, कारण चकचकीत पुस्तिकांत तो सापडत नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, तरी आपल्या बाजारात निम्म्या शिर्कती तोंडीच चालतात. आम्हीही एकदा केली होती. पाच वर्षांनी हिशेब मागितला तेव्हा समोरच्याची आणि आमची आठवण जुळेना. पण रोझेनबर्गर यांचे तर सगळे लेखी होते. राज्यकर्ते जुलमी झाले की कागदाची किंमत राहत नाही आणि मग राहतो तो फक्त भागीदाराचा ईमान. तो तेथे टिकला नाही. ज्याच्यावर जुलूम झाला तो कोणत्या धर्माचा आहे हे पाहून इन्साफ बदलत नाही, हे आपल्याला शिकविण्यात आलेले आहे, म्हणून हे स्वच्छ लिहिणे आम्हाला आवश्यक वाटले. फर्डिनांड पोर्शे १९३७ साली नाझी पक्षाचे सभासद झाले. हिटलरच्या राजवटीसाठी त्यांनी जनतेची स्वस्त मोटार, म्हणजे पुढे बीटल या नावाने जगभर गेलेली फोक्सवॅगन, तयार करून दिली. युद्धकाळात त्या कारखान्यात परदेशी वेठबिगारांना राबविण्यात आले. हाही त्याच हकिकतीचा भाग आहे.

युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी बापाला कैद केले. जामिनाची रक्कम दहा लाख फ्रँक ठरली. मुलगा फेरी पोर्शे तेव्हा ऑस्ट्रियातील ग्म्युंड या खेड्यात एका लाकडाच्या वखारीच्या आवारात मूठभर कारागिरांना घेऊन बसला होता. पोट भरण्यासाठी शेतीची यंत्रे दुरुस्त करणे चालू होते. एका इटालियन उद्योगपतीने शर्यतीच्या गाडीचा आराखडा मागितला. त्या कामाच्या पैशाने बाप १९४७ साली सुटला. आणि १९४८ च्या जून महिन्यात त्याच वखारीतून पोर्शे नावाची पहिली गाडी रस्त्यावर आली. तिचे नाव ३५६. इंजिन बीटलचेच, थोडे सुधारलेले, ताकद जेमतेम ३५ अश्वशक्ती. अंगावरचा अॅल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून घडविलेला. ग्म्युंडमध्ये अशा पन्नासेक गाड्याच बनल्या.

भांडवल कोठून आले, हा प्रश्न व्यापाऱ्याला पडणारच. फोक्सवॅगनबरोबर १९४८ साली करार झाला. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बीटलमागे पोर्शेंना ठरावीक मोबदला, बीटलचे सुटे भाग घेण्याची मुभा आणि ऑस्ट्रियाची विक्री. ज्याने आराखडा काढला त्याला मालाच्या प्रत्येक नगामागे हक्काचा पैसा मिळत राहिला. आपल्याकडे डिझाइन काढणारा कारागीर एकदाच मजुरी घेऊन घरी जातो, मग त्याच डिझाइनचे हजारो ताके विकले जावोत. १९५० साली कुटुंब स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात परतले तेव्हा स्वतःची जागासुद्धा नव्हती. रॉयटर नावाच्या गाडीचा साटा बनविणाऱ्या कारखान्यात भाड्याने काम सुरू झाले. पाचशे गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत सुमारे ७६ हजार खपल्या. पुढे १९६३ साली पोर्शेने रॉयटरचा साट्याचा धंदा विकत घेतला आणि उरलेला आसने बनविण्याचा धंदा 'रेकारो' या नावाने प्रसिद्ध झाला.

म्हातारे पोर्शे १९५१ च्या जानेवारीत वारले. त्याच वर्षी फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांच्या गाडीने आपल्या लहान इंजिनाच्या वर्गात पहिला नंबर मिळविला. मोठमोठ्या इंजिनांपुढे लहान, हलकी गाडी टिकून राहते, हीच तिची जाहिरात झाली. १९७० पासून २०१७ पर्यंत या कंपनीने ती शर्यत १९ वेळा जिंकली. जाहिरातीत काहीही छापता येते, पण चोवीस तास अखंड पळविलेल्या गाडीला खोटे बोलता येत नाही.

१९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात फेरी यांच्या मुलाने आखलेली नवी गाडी आली. तिचे नाव ९०१ ठेवले होते. मधे शून्य असलेले तीन आकडी नाव फ्रान्समध्ये आमच्याच हक्काचे, अशी हरकत पिजो कंपनीने घेतली, म्हणून १९६४ साली नाव ९११ झाले. भांडत बसण्यापेक्षा एक आकडा बदलला आणि तो आकडाच जगात गाजला. १९७२ साली या घराण्याने आणखी एक निर्णय घेतला. चुलत-मामे भावंडांचे कारखान्यात पटेना, तेव्हा घरातील सर्वांनी रोजच्या कारभारातून बाजूला व्हावे, मालकी ठेवावी आणि काम पगारी लायक माणसांकडे द्यावे. आपल्या किती पेढ्या वाटण्यांच्या भांडणात बुडाल्या ते बाजारात सर्वांना ठाऊक आहे. नावे घेत नाही.

वाईट दिवसही आले. १९८६ च्या सुमारास वर्षाला पन्नास हजारांहून अधिक गाड्या जात होत्या, त्या १९९३ पर्यंत १५ हजारांच्या आसपास आल्या. गिऱ्हाइकी मुख्यतः अमेरिकेची, तेथे डॉलर घसरला आणि मंदी आली. शिवाय गाडी महाग पडत होती ती कारागिरीमुळे नव्हे, तर आतल्या गोंधळामुळे. तेव्हा वेंडेलिन वीडेकिंग हा चाळिशीचा माणूस कारभारावर आला. त्याने जपानी उस्ताद बोलावले. त्यांनी पहिल्याच फेरीत विचारले, हा कारखाना आहे की गुदाम? सुट्या भागांच्या उंच मांडण्यांतून सामान शोधण्यात कारागिरांचा वेळ जात होता. असे सांगतात की, वीडेकिंग यांनी स्वतः हातात करवत घेऊन सर्वांसमोर मांडण्यांचा वरचा भाग कापून टाकला. अडकलेले भांडवल दिसावे कसे, याचा याहून सोपा धडा नाही. ज्यांच्या माळ्यावर चार वर्षांचा न खपलेला माल पडून आहे त्यांनी एकदा वर चढून पाहावे.

कंपनी तरली. १९९६ साली स्वस्तातली बॉक्स्टर आली, २००२ साली उंच, घरच्या सर्वांना बसता येईल अशी कायेन. जुने शौकीन नाराज झाले, पण तिच्याच पैशाने ९११ जिवंत राहिली.

आणि मग त्याच हुशार माणसाच्या हातून तो प्रकार झाला. २००५ पासून लहानशी पोर्शे अवाढव्य फोक्सवॅगनचे शेअर घेऊ लागली. काही रोख, काही पुढच्या भावाच्या सौद्यांवर, ज्यांना ऑप्शन म्हणतात. २००७-०८ च्या हिशेबात गंमत पाहा : विक्री सुमारे साडेसात अब्ज युरोंची आणि करापूर्वीचा नफा साडेआठ अब्जांचा! विक्रीपेक्षा नफा जास्त. ज्या दुकानाच्या वहीत असा आकडा दिसेल त्या दुकानात कापड विकले जात नसून दुसरे काहीतरी चालले आहे, हे आमच्या मुनीमजीनेही ओळखले असते. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने जाहीर केले की ४२.६ टक्के शेअर हातात आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांचे सौदे आहेत. वीस टक्के लोअर सॅक्सनी राज्याचे. म्हणजे बाजारात फिरायला उरले सहा टक्क्यांहून कमी. मंदीवाल्यांची पळापळ झाली आणि दोन दिवसांत फोक्सवॅगनचा भाव एक हजार युरोंवर गेला. पण हे सर्व बँकांच्या व्याजी पैशावर उभे होते. जगात पतटंचाई आली, कर्ज दहा अब्ज युरोंच्या पुढे गेले आणि जुलै २००९ मध्ये वीडेकिंग यांना जावे लागले. गिळायला निघालेली कंपनी स्वतःच गिळली गेली. मोटारीचा कारखाना फोक्सवॅगनने २००९ आणि २०१२ अशा दोन हप्त्यांत विकत घेतला. त्या अडचणीत कतारच्या सरकारी निधीने घराण्याच्या मूळ कंपनीचे दहा टक्के मताचे शेअर घेतले होते, ते २०१३ साली घराण्याने परत विकत घेतले. गाडी बनवून कमावलेला पैसा हलाल मेहनतीचा होता. भावाच्या अंदाजावर लावलेला पैसा कशात मोडतो हे आलिम मंडळी आमच्यापेक्षा चांगले सांगतील, पण व्यापारी म्हणून आम्ही त्याला जुगारच म्हणू.

२०२२ च्या सप्टेंबरात कारखान्याचे शेअर पुन्हा बाजारात आले, ८२.५० युरोंना एक. एकूण शेअर ठेवले ९१ कोटी १० लाख, म्हणजे गाडीचेच नाव. त्यानंतर चीनची गिऱ्हाइकी कमी झाली. तेथे २०२१ साली ९५ हजारांवर गाड्या गेल्या होत्या, २०२४ साली ५७ हजारांच्या आसपास.

आता लोक ही गाडी घेतात कशासाठी? मिरविण्यासाठी घेणारे आहेतच आणि हप्त्यांवर मिरविणाऱ्याविषयी आम्हाला काही लिहावेसे वाटत नाही. पण जे खरे जाणकार आहेत ते जुनी ९११ घेतात आणि बापाची गाडी मुलगा चालवितो. आजवर बनलेल्या पोर्शे गाड्यांपैकी सुमारे ७० टक्के अजून चालत आहेत, असा कंपनीचा दावा आहे. साठ वर्षांत ९११ चा चेहरा बदलला नाही. इंजिन मागे ते मागेच राहिले, हवेने थंड होणारे जाऊन पाण्याने थंड होणारे आले तरीही. किल्ली कित्येक दशके स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला लागत असे. जुन्या गाडीचे सुटे भाग कंपनी स्वतः बनवून देते, त्यामुळे जुनी गाडी भंगार ठरत नाही आणि भाव टिकतो.

आम्ही कापडवाले, म्हणून आमची नजर आसनांवर गेली. १९६० च्या दशकातील ९११ मध्ये पेपिटा नावाचे काळ्या-पांढऱ्या बारीक चौकड्यांचे कापड असे. ताणा आणि बाणा दोन्हींत गडद-फिके धागे मोजून घालावे लागतात असा माल, एक धागा चुकला तर नक्षी फसते. १९७४ साली टर्बोची पहिली गाडी फेरी यांच्या बहिणीला, लुईझ पीएख यांना, सत्तराव्या वाढदिवशी देण्यात आली. तिची आसने स्कॉटिश टार्टनच्या चौकटींची होती. १९७७ साली ९२८ या गाडीत 'पाशा' नावाचा व्हेलूर आला, लहानमोठ्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा, पाहताना कापड लाटेसारखे हलते असा भास व्हावा. २०२४ साली टर्बोच्या पन्नाशीनिमित्त ठीक १,९७४ गाड्या काढल्या, त्यांत पुन्हा टार्टन घातले. २०२५ साली पाशाही परत आला. आणि जुन्या गाडीवाल्याची गादी फाटली तर पेपिटा, टार्टन, पाशा ही तिन्ही कापडे कंपनीकडून आजही मीटरवर मिळतात. आमच्या दुकानात गेल्या दिवाळीचा प्रिंट या ईदला कोणी मागितला तर ताक्याचा उरलेला तुकडासुद्धा निघत नाही.