एका पातेल्यात किती बाउल? स्ट्यूचं खरं कॉस्टिंग

व्हिडिओमध्ये स्ट्यू करून दाखवला, पण वजनाचा भाग घाईत उरकला. धंद्यात पैसे तिथेच जातात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

स्ट्यू म्हणजे मांस, कडधान्य आणि भाज्या मंद आचेवर शिजवलेला दाट रस्सा. युरोप-अमेरिकेत तो बऱ्याचदा बीफचा असतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे मी मटणावर शिकवतो.

आता माझी चूक ऐका. पहिल्यांदा दुकानात रविवारच्या ऑर्डर घेतल्या. ४०० ग्रॅमचा बाउल, १७० रुपये, २० जणांचे पैसे आगाऊ. मटण २ किलो, कोरडा राजमा अर्धा किलो, मशरूम ६०० ग्रॅम, कांदा-बटाटा-गाजर-टोमॅटो सव्वादोन किलो. त्यात पाणी धरून ८ किलो, म्हणजे २० बाउल. बीबीएला कॉस्टिंगमध्ये चांगले मार्क होते हो माझे!

शिजल्यावर भरले सहा किलो. १५ बाउल.

सामान आणि गॅस मिळून २,१०० रुपये. डबा आणि पाव बाउलमागे २० रुपये, म्हणजे ३००. खर्च २,४००, जमा २,५५०. मी आणि आई दिवसभर राबलो आणि हातात उरले १५० रुपये. आई म्हणाली, "ओत दोन तांबे गरम पाणी, कोणाला कळतंय?" मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण चव गेली असती. पाच जणांना फोन करून पैसे परत केले. त्यातले दोघे पुन्हा आले नाहीत.

वजन गेलं कुठे? थोडं सालं-देठांत. बाकी वाफेत. मटण शिजताना साधारण तिसरा हिस्सा वजन सोडतं, मशरूम तर निम्म्यावर येतात. ते पाणी रश्शात उतरतं आणि झाकण उघडं असेल तर दोन तासांत उडून जातं. उलट राजमा पाणी पितो, शिजून दुपटीपेक्षा जास्त भरतो. म्हणजे तुमच्या पातेल्यात वाढणारा माल राजमाच, आणि स्वस्तही तोच.

म्हणून आता मटण दीड किलो आणि राजमा पाऊण किलो घेतो, झाकण ठेवून शिजवतो. सामानाचा खर्च १,७४० वर आला, बाउल १६ निघतात. डबा-पाव धरून बाउल साधारण १२९ रुपयांना पडतो, विकतो २४० ला. मेन्यूवर नावही "राजमा-मशरूम-मटण स्ट्यू", राजमा आधी. गिऱ्हाईक मग पिसेस मोजत बसत नाही. (भाव माझ्या बाजारातले आहेत, तुम्ही तुमचे घाला.)

करताना काही गोष्टींत शॉर्टकट नको. राजमा आठ तास भिजवा, ते पाणी फेका आणि कुकरला वेगळा, पूर्ण मऊ शिजवा. अर्धकच्च्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. मंद आचेच्या पातेल्यात कच्चा राजमा कधीच टाकू नका. टोमॅटो राजमा मऊ झाल्यावरच, कारण आंबटात तो लवकर शिजत नाही. मटण खांद्याचं किंवा नळीचं घ्या. चिवट भाग मंद आचेवर विरघळून रस्सा आपोआप दाट होतो, कॉर्नफ्लॉवर लागत नाही. आधी तुकडे तेलात लालसर परता. मशरूम वेगळ्या तव्यावर, मोठ्या आचेवर, थोडे थोडे. एकदम ओतलेत तर पाणी सुटून उकडतात, आणि ९० मिनिटांनी कोण म्हणणार हे मशरूम आहेत?

उरलेला स्ट्यू पातेल्यात रात्रभर ठेवू नका. पसरट ट्रेमध्ये लवकर गार करून फ्रिजमध्ये टाका.

ऑर्डर घेण्याआधी एक पातेलं घरच्यांसाठी करा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी वहीत लिहा, नाहीतर भरलेलं पातेलं काट्यावर चढवून डोकं खाजवत बसाल. मी बसलोय.