तोडीस तोड भेटू द्या

पालकहो,

आंतरशालेय स्पर्धेत मुलगी चमकली, सरांनी बोलावून कौतुक केलं, की घरात आनंदीआनंद होतो. पेढे आणले जातात, नातेवाइकांच्या ग्रुपवर पदकाचा फोटो जातो, आजी दृष्ट काढते. हे सगळं व्हावंच. पण बहुतेक घरांत गोष्ट इथंच थांबते आणि मुलगी त्याच मैदानावर, त्याच मैत्रिणींना पुन्हा पुन्हा हरवत राहते. मग दोन वर्षांनी आपणच म्हणतो, ‘तिचा खेळातला रस कमी झाला.’ रस कमी झालेला नसतो. तिला घाम गाळायला लावणारं कुणी समोर उरलेलं नसतं.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच, की चांगलं खेळणाऱ्या मुलीला तिच्याहून सरस खेळणारे मिळवून देणं हे आपलं, आईबापांचं काम आहे. ते कसं करता येतं हे एका घराकडे बघून मला नीट कळलं. घर अमेरिकेतलं आहे, आयोवा राज्यातलं.

केटलिन क्लार्क हे नाव तुमच्या मुलींना बहुधा माहीत असेल. ३ मार्च २०२४ रोजी आयोवा विद्यापीठाकडून खेळताना तिनं पीट मॅराविचचा ३,६६७ गुणांचा विक्रम मोडला. तो पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमधला विक्रम होता आणि १९७० पासून कुणालाही त्याच्या पुढे जाता आलं नव्हतं. कॉलेज सोडलं तेव्हा तिच्या नावावर ३,९५१ गुण होते. हा झाला कळस. आपण पायाकडे बघू, कारण पाया घालताना आईवडील हजर असतात.

केटलिनचा जन्म २२ जानेवारी २००२ चा, डेमॉइनचा. शेजारच्या वेस्ट डेमॉइनमध्ये ती दोन भावांबरोबर वाढली, एक मोठा आणि एक धाकटा. वडील ब्रेंट कॉलेजात बास्केटबॉल आणि बेसबॉल खेळलेले. आई अ‍ॅन यांचे वडील बॉब निझी डाउलिंग कॅथलिक हायस्कूलमध्ये फुटबॉलचे प्रशिक्षक होते आणि पुढे नातही त्याच शाळेत गेली. म्हणजे खेळ घरात होताच. तरीही पाच वर्षांच्या मुलीला बास्केटबॉल खेळायचं होतं तेव्हा तिच्या वयाच्या मुलींसाठी लीग वडिलांना सापडेना. त्यांनी तिचं नाव मुलग्यांच्या संघात घातलं.

आपली गाडी नेमकी इथं अडते. ‘मुलींची बॅच नाही’ असं क्लबात सांगितलं की आपण फॉर्म परत देतो आणि मुलीला दुसऱ्या कुठल्या तरी क्लासला घालतो. त्यामागची काळजी मला समजते. धक्काबुक्की होईल, लागेल, लोक काय म्हणतील, हे सगळं मनात येतं. केटलिनच्या घरालाही लोकांचं ऐकून घ्यावं लागलं होतं. मुलग्यांच्या एका स्पर्धेत ती सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली, तेव्हा मुलींना मुलग्यांच्या लीगमध्ये खेळू देता कामा नये अशी तक्रार दुसऱ्या एका मुलाच्या आईनं केली. हे सगळं प्राथमिक शाळेतल्या वयात. आईवडिलांनी तिला तरीही काढलं नाही. आपल्याहून दांडगी, वेगानं धावणारी मुलं अंगावर येत असताना चेंडू सांभाळायचा कसा आणि पास द्यायचा कुठून, हे ती तिथं शिकली. अशी शिकवण शिबिरात मिळत नाही, ती अडचणीत सापडल्यावरच मिळते.

त्यांच्या घरासमोर गाडी उभी करायची काँक्रीटची जागा होती आणि तिथं रिंग लावलेली होती. ते काँक्रीट थ्री-पॉइंटच्या रेषेला पुरत नव्हतं. शाळकरी खेळात ही रेषा रिंगपासून सुमारे सहा मीटरवर असते. यांच्याकडे त्याआधीच हिरवळ लागायची, आणि गवतावर चेंडू टप्पा घेत नाही हे खेळलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मुलीनं वडिलांच्या मागे लकडा लावला. ब्रेंटनी अंगणातली हिरवळ उकरली आणि काँक्रीट वाढवून घेतलं. पुढे कॉलेजात मैदानाच्या मध्याजवळच्या बोधचिन्हापाशी उभं राहून ती बास्केट करायची आणि आख्खं प्रेक्षागृह उठून उभं राहायचं. तो लांबचा नेम या वाढवलेल्या काँक्रीटवर बसला. मुलीनं मागितलं काय, तर आणखी लांबून टाकायला जागा. तिला सोपं करून द्या असं तिनं म्हटलं नाही, अवघड करून द्या म्हटलं. वडिलांनी ते ऐकलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणखी एक प्रसंग. केटलिन लहान असताना वडील तिला मिनियापोलिसला व्यावसायिक महिला संघाचा सामना दाखवायला घेऊन गेले. जवळजवळ चारशे किलोमीटरचा रस्ता. त्या संघातली माया मूर ही तिची आवडती खेळाडू. सामना संपल्यावर ही पोर धावत गेली आणि तिनं मायाला मिठी मारली. ती मिठी आपल्या आयुष्यात फार मोलाची ठरली, असं केटलिन आजही सांगते. आपल्या मुलींनी अव्वल दर्जाचा खेळ प्रत्यक्ष, कठड्याजवळ बसून किती वेळा पाहिलेला असतो? राष्ट्रीय स्पर्धा आपल्याही शहरांत होतात आणि गॅलऱ्या रिकाम्या असतात. भारताच्या महिला संघाचं नेतृत्व केलेली शिरीन लिमये पुण्याची, मराठी घरातली. तिचं नाव किती पालकांना माहीत आहे?

केटलिनचं नशीब एका बाबतीत थोर होतं, ते म्हणजे तिचं राज्य. आयोवात मुलींच्या शालेय बास्केटबॉलची राज्य स्पर्धा १९२० पासून भरते. तिथं मुली एका वेगळ्याच पद्धतीनं खेळायच्या. संघात सहा जणी, तिघी फक्त बास्केट करणाऱ्या आणि तिघी फक्त अडवणाऱ्या. मधली रेषा कुणी ओलांडायची नाही आणि दोनच ड्रिबल घ्यायचे. हा खेळ बघायला डेमॉइनचं मोठं सभागृह गच्च भरायचं, गावंच्या गावं लोटायची. १९६८ मध्ये डेनिस लाँग या शाळकरी मुलीनं एका सामन्यात १११ गुण केले होते. सहा जणींचा खेळ १९९३ मध्ये बंद झाला, पण मुलींचा सामना बघायला संध्याकाळी घराबाहेर पडायची सवय त्या राज्यात राहिली. मुलीचा खेळ तिथं कुणी उपकार म्हणून बघत नव्हतं. आपल्या गावांत कबड्डी-खोखोच्या मैदानांवर मुलींसाठी थोडीफार अशी गर्दी होते, हे मी आनंदानं नमूद करतो. बास्केटबॉलच्या नशिबी ती अजून नाही.

आता हायस्कूल. डाउलिंगमध्ये पहिल्या वर्षी केटलिनची सरासरी सामन्यामागे १५.३ गुण होती. दुसऱ्या वर्षी २७.१, तिसऱ्या वर्षी ३२.६ आणि चौथ्या वर्षी ३३.४. फेब्रुवारी २०१९ मध्ये मेसन सिटीच्या शाळेविरुद्ध तिनं एकटीनं ६० गुण केले. त्यात तेरा थ्री-पॉइंटर होते आणि थ्री-पॉइंटरचा तो आकडा राज्याचा विक्रम ठरला. चार वर्षांत तिचे २,५४७ गुण झाले. पाच जणींच्या खेळात राज्यात तिच्यापुढे तेव्हा फक्त तिघी होत्या. या काळात ती शाळेकडून सॉकरही खेळली. एकाच खेळाला लहानपणीच जुंपून टाकण्याची घाई तिच्या घरानं केली नाही. चौथीतल्या मुलाला ‘आता फक्त बॅडमिंटन’ असं बजावणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

आणि आता पदकं मोजणाऱ्या पालकांसाठी एक गोष्ट. इतक्या गुणांच्या या मुलीला शाळेकडून राज्य विजेतेपद एकदाही मिळालं नाही. शेवटच्या वर्षी तर विभागीय अंतिम सामन्यात सू सिटी ईस्टच्या शाळेनं डाउलिंगला हरवलं आणि केटलिनचा संघ राज्य स्पर्धेपर्यंतही पोचला नाही. देशातल्या निवडक शाळकरी खेळाडूंच्या मॅकडॉनल्ड्स ऑल-अमेरिकन सामन्यासाठी त्या वर्षी तिची निवड झाली होती, तोही करोनामुळे रद्द झाला.

आपल्याकडे असं झालं असतं तर काय झालं असतं? राज्य स्पर्धा नाही म्हणजे क्रीडा सवलतीचे गुण नाहीत, आणि गुण नाहीत तर खेळायचं कशाला? हा हिशेब मी मैदानाच्या कडेला बसून अनेकदा ऐकला आहे. गुणांची सवलत चांगली आहे, ती मिळाली तर जरूर घ्या. पण त्या गुणांसाठीच मुलगी मैदानावर जात असेल तर एका पराभवात सगळं आटोपतं.

शाळेत विजेतेपद मिळालं नाही तरी केटलिनला तोडीचे प्रतिस्पर्धी मिळत राहिले, कारण ते शोधले गेले. उन्हाळ्यात ती ‘ऑल आयोवा अटॅक’ या क्लबकडून देशभरातल्या चांगल्या मुलींविरुद्ध खेळायची. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सोळा वर्षांखालच्या संघात तिला जागा मिळाली. २०१९ मध्ये ती एकोणीस वर्षांखालच्या संघातून बँकॉकला विश्वचषक खेळायला गेली. मेसन सिटीविरुद्धच्या त्या ६० गुणांना तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. पण तिथं ती राखीव खेळाडू होती. बाकावर बसायचं, बोलावतील तेव्हा उतरायचं, थोडे गुण करायचे आणि परत येऊन बसायचं. संघानं सुवर्णपदक जिंकलं. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच स्पर्धेत ती सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली.

बाकावरचं ते बसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलीला बाकावर बसवलं म्हणून सरांशी भांडायला जाणारे आईवडील मी पाहिले आहेत. त्यांची तळमळ खरी असते. पण आपल्याहून चांगल्या दहा-अकरा जणींमध्ये शेवटची असणं हे गल्लीत पहिलं असण्यापेक्षा मुलीला कितीतरी जास्त देऊन जातं.

केटलिन फार तापट. हरणं तिला सहन व्हायचं नाही, मैदानावर ती हातवारे करायची, पंचांकडे बघून चरफडायची. कॉलेजच्या प्रशिक्षक लिसा ब्लुडर यांनी तिला तिचेच व्हिडिओ दाखवून, ते बघून बाकीच्या मुलींवर काय परिणाम होत असेल हे समजावलं. २०२४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत एकदा ती पंचांच्या निर्णयावर धुसफुसत होती, तेव्हा टीव्हीवर तिचे वडील प्रेक्षकांतून तिला ‘आता पुरे’ असं खुणावताना दिसले. त्यांनी आवरलं ते मुलीला, पंचांना नव्हे. आपल्या शालेय स्पर्धांत कडेला उभे राहून पंचांवर ओरडणारे बाबा आठवून बघा.

कॉलेज निवडण्याचीही एक गोष्ट सांगतो. घर कॅथलिक, शाळा कॅथलिक. त्यामुळे नोटर डेम या नामांकित कॅथलिक विद्यापीठाची ओढ असणं स्वाभाविक होतं, आणि केटलिनचा कल आधी तिकडेच होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिनं घरापासून दोन तासांवरचं आयोवा विद्यापीठ निवडलं. त्या संघानं १९९३ नंतर अंतिम चार संघांत एकदाही स्थान मिळवलेलं नव्हतं. केटलिननं २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी त्याला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. दोन्ही सामने ते हरले. निर्णय मुलीचा होता आणि घर तिच्यामागे उभं राहिलं.

आपल्या प्रत्येक मुलीची केटलिन होणार नाही, आणि तशी अपेक्षाही कुणी ठेवू नये. मी मागतो आहे ते फार थोडं आहे. दहावीचं वर्ष लागलं म्हणून मुलीचे बूट माळ्यावर टाकू नका. संध्याकाळचा तास-दीड तास तिच्याकडेच राहू द्या. क्लासचं वेळापत्रक त्याच्या मागेपुढे बसवता येतं, मी ते बसवलेली घरं पाहिली आहेत. आणि याच आठवड्यात तिच्या सरांना किंवा मॅडमना भेटा. ‘आमची मुलगी कशी खेळते?’ हे विचारू नका, उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ‘तिच्याहून चांगलं कोण खेळतं आणि ती मुलं कुठल्या मैदानावर असतात?’ एवढं विचारा, आणि येत्या रविवारी तिला तिथं घेऊन जा.